बावीस गिअर, रिव्हर्स नाही

साडू हा माणूस आपण निवडत नाही. सासुरवाडी त्याची परस्पर नेमणूक करते आणि मग जन्मभर आपली त्याच्याशी तुलना चालू राहते. कुणाचा फ्लॅट मोठा, कुणाचं पोट लहान, दिवाळसणाला कुणाला काय मिळालं. माझे साडू एका बँकेत थकीत कर्जांच्या वसुलीला आहेत आणि बदली होऊन जयपूरला गेल्यापासून सायकल चालवतात. माझं पोट आधीपासून होतंच, पण सासुरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडूंचे डोंगरमाथ्यावर घाम पुसतानाचे फोटो यायला लागले आणि ते एकदम सगळ्यांच्या नजरेत आलं.

“त्यांच्याकडे बघा जरा,” बायको म्हणाली. बघायला म्हणून मी जयपूरला गेलो.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, पुरानी बस्तीतल्या एका हवेलीच्या दुसऱ्या मजल्यावर मी जयपुरी रजईत गळ्यापर्यंत शिरून बसलो होतो आणि साडू मोबाईलवर नकाशा दाखवत होते. चांदपोलच्या अलीकडून निघायचं, आमेरची घाटी चढायची, पुढे डोंगरातल्या ढाण्यांमधून, म्हणजे छोट्या वस्त्यांमधून, जमवा रामगढ, आणि मग गलत्याच्या डोंगरावरून सूरजपोलला उतरून परत गावात. पाऊणशे किलोमीटरच्या आसपास.

“रस्ता थोडा ग्रॅव्हल आहे,” साडू म्हणाले.

ज्यांना साडू नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ग्रॅव्हल सायकलचं हँडल रेसच्या सायकलचं असतं आणि टायर रुंद, खाचांचे. डांबर संपलं की हिचं काम सुरू. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. तिथे २००६ साली खडीच्या रस्त्यांवरून २०० मैलांची शर्यत सुरू झाली. जगभरची माणसं पैसे भरून तिथे जातात, टायर फाडून घेतात आणि वर पदक मिळालं म्हणून आनंदानं रडतात. २०२२ पासून या प्रकाराचं जागतिक अजिंक्यपदही सुरू झालं आहे. पहिलं इटलीत झालं. आमच्या तालुक्याचा रस्ता कंत्राटदारानं अर्धवट टाकल्यापासून या स्पर्धेसाठी तयार आहे, हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

साडूंच्या सायकलची किंमत हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात हलता आकडा. सायकलवाल्या मित्रांमध्ये ती एक लाख ऐंशी हजार असते. माझ्या मेहुणीला सांगितलेली पस्तीस हजार. रस्त्यात कुणी विचारलंच तर बारा.

“खोटं नाही हो साडूभाऊ,” ते मला म्हणाले. “ज्याला जेवढं झेपेल तेवढंच त्याला सांगायचं.” वसुलीतला माणूस हे तत्त्व मांडतोय म्हणजे कर्ज देणाऱ्यांचं काय होत असेल, या विचारानं मी रजई डोक्यावर ओढली.

तशी मराठी माणसानं जयपुरात वसुलीला येण्याची परंपरा जुनी आहे. १७५० साल संपताना मल्हारराव होळकर थकबाकी मागायला फौजेनिशी दाराशी आले आणि जयपूरचा राजा सवाई ईश्वरीसिंह यानं पैसे देण्याऐवजी जीव दिला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, नवं शहर बघायला म्हणून आत शिरलेल्या मराठ्यांवर गाव उठलं, वेशी बंद झाल्या आणि आतली कित्येक माणसं मारली गेली. साडू हा विषय टाळतात. घरमालकांना मात्र तो तपशीलवार पाठ आहे आणि भाडं वाढवायच्या महिन्यात हमखास आठवतो.

सकाळी सहाला निघायचं ठरलं. साडूंच्या मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ आहे. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर जंतरमंतरमध्ये २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र आहे, दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगणारं. ते उभारणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे मूळचे आपल्या महाराष्ट्राकडचे पंडित होते. एवढा सगळा बंदोबस्त असताना आम्ही निघालो पावणेआठला.

“जानेवारीत इथलं सूर्यघड्याळ अर्ध्या तासाहून मागे असतं,” साडू म्हणाले. “त्या हिशेबानं अजून सव्वासातसुद्धा वाजले नाहीत.”

उशिराला कारण मी होतो. म्हणजे माझी चड्डी. सायकलवाल्यांच्या या चड्डीला बुडाशी स्पंजची गादी असते आणि वर खांद्यावर पट्टे. बाकी ती अंगाला इतकी चिकटून बसते की मनातलंही दिसावं. साडूंची जुनी चड्डी घालून मी जिना उतरायला लागलो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजींनी चटकन घुंघट ओढला आणि त्याच्याआडून मला नीट बघून घेतलं. मेहुणी मला जिजाजी म्हणते, हे ऐकून अख्खी हवेली मला ‘जीजोसा’ म्हणते. आणि राजस्थानात जीजा उपाशीपोटी उंबरा ओलांडत नाही. मग पहिल्या मजल्यावर मिर्ची बडा. तळमजल्यावर दुधातली फीणी, “संक्रांत आहे, नाही म्हणायचं नाही.” चौकात घरमालकांचा चहा आणि त्याबरोबर कचोरी, कारण नुसता चहा कसा द्यायचा? साडूंनी पाठीच्या खिशात परदेशी एनर्जी बार घेतले होते. मला ते पुढचे दोन दिवस लागणार नव्हते.

जलमहालापर्यंत रस्ता सपाट आहे. तिथपर्यंत आम्ही गप्पा मारत गेलो. कनक घाटीच्या फाट्याशी साडू एकटेच बोलत होते. आमेरच्या चढाला तेही थांबले. मला साडूंची जुनी सायकल मिळाली होती, तिचा पुढचा ब्रेक “जरा सांभाळून” होता आणि मागचा “शक्यतो नकोच.” चढावर दोन्हींचा प्रश्न आला नाही. मध्येच साडूंच्या घड्याळानं शिटी वाजवली आणि पडद्यावर विचारलं, तुम्ही पडला आहात का? साडू तेव्हा सायकल चालवत होते.

खरे पडले ते पुढे. आमेर गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून हत्ती आला. हे हत्ती हाथीगावाहून रोज सकाळी किल्ल्यावर ड्युटीला निघतात, पर्यटकांना वर नेतात आणि उन्हं चढायच्या आत मोकळे होतात. हा बहुधा आमच्यासारखाच सूर्यघड्याळावर चालणारा होता. गालांवर गुलाबी-हिरवी वेलबुट्टी, कपाळावर कमळ. माहूत मोबाईलवर बोलत होता. बोलणं न थांबवता त्यानं आम्हाला बोटानं खूण केली, मागे घ्या.

साडूंच्या सायकलला बावीस गिअर आहेत. रिव्हर्स नाही. शिवाय त्यांचे बूट पेडलमध्ये खटक्यानं अडकतात. टाच बाहेर वळवली की सुटतात, असं कंपनीचं म्हणणं. साडूंनी टाच वळवली. ती सुटली नाही. थांबलेल्या सायकलवरून पडणाऱ्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. सायकलीसकट, हँडल घट्ट धरून, अतिशय सावकाश ते डावीकडे कलले आणि मुळ्यांच्या हातगाडीवर जाऊन टेकले. हत्तीनं जाता जाता सोंड लांब करून त्यांच्या कानाजवळचा एक मुळा उचलला आणि तो ड्युटीवर गेला. गाडीवाल्यानं त्या मुळ्याचे पैसे आमच्याकडून घेतले.

घड्याळानं या वेळी काही विचारलं नाही.

आमेरच्या पुढे हमरस्ता सोडला, उजवीकडे वळलो आणि ग्रॅव्हल लागलं. अरवली हा फार म्हातारा पर्वत, झिजून झिजून बुटका झालेला, असं शाळेत शिकलो होतो. तो कुठे बुटका झाला हे मला काही दिसलं नाही. झिजून गेलेला दगड मात्र सगळाच्या सगळा वाटेवर सापडला. जिथे दगड नव्हता तिथे वाळू होती आणि वाळूत सायकल चालवताना पाय सगळं करतात, चाक काहीच करत नाही. दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक फुलली होती. साडू म्हणाले, “बघा, काय सीनरी!” मी बघितलं आणि बाभळीत गेलो.

एका ढाणीत विचारलं, रामगढ किती? “बस, दो किलोमीटर.” बराच वेळ पेडल मारल्यावर पुढच्या ढाणीत विचारलं. “होंगे कोई तीन.” त्याच्या पुढच्या ढाणीत एक बाई म्हणाल्या, अंतराचं नंतर बघू, आधी ताक प्या.

तिथेच साडूंचं चाक गेलं. टायर ट्यूबलेस, आत पांढरा चीक भरलेला असतो, काटा लागला की तो भोकाशी येऊन घट्ट होतो आणि स्वाराला कळतसुद्धा नाही. राजस्थानातल्या विलायती बाभळीनं कंपनीची ही माहितीपुस्तिका वाचलेली नव्हती. काटा बोटभर लांब होता. साडूंनी तो उपसला आणि चिकाची पिचकारी त्यांचा चष्मा, माझी जर्सी आणि बाजेवर बसलेल्या एका साफेवाल्या बाबांचं धोतर असा प्रवास करून शांत झाली. बाबांनी बोट लावून वास घेतला. “दूध निकळे इसमें से?” त्यांनी कौतुकानं विचारलं.

पंक्चरवाला गावातच होता, कॉम्प्रेसरसकट. त्यानं हवेची नळी आणली आणि चाकाशी बसून राहिला. या सायकलींचा व्हॉल्व्ह काडीएवढा बारीक असतो, वर एक इवलीशी चाकी. ती सैल केल्याशिवाय हवा जात नाही, आणि कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसतच नाही. मध्ये पितळेची एक टोपी लावावी लागते. पंधरा-वीस रुपयांची. साडूंकडे खांद्याइतक्या उंचीवरून पडला तरी न फुटणारा दिवा होता, वजन मोजून घेतलेला पाना होता, प्राणवायूपासून सगळ्याची सोय होती. टोपी घरी होती.

“भाईसाब, ये वॉल तो सुई है,” पंक्चरवाला म्हणाला. मग साडूंच्या तळहाताएवढ्या पंपानं आम्ही आळीपाळीनं हवा भरली. गाव जमलं. पोरं आकडे मोजायला लागली.

आणि तो प्रश्न आला. “कित्ते की है?” बाबांनी विचारलं.

“बारह हज़ार,” साडू म्हणाले.

बाबा उठले. त्यांनी सायकल एका हातानं उचलून पाहिली, सगळीकडून फिरवली. “कैरियर कोनी?” नाही. “स्टैंड?” नाही. “मडगाड?” नाही. “घंटी भी कोनी?” घंटीही नव्हती. बाबांनी सायकल साडूंच्या हातात परत दिली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “बारह हज़ार में खाली ढाँचो. थानै ठग लिया.” पण नातवाला ते वळलेलं हँडल आवडलं होतं. बाबांनी थोडा विचार केला. “दो भिजवा दो. एक छोरे ने, एक दूध वास्ते. पण कैरियर, स्टैंड, घंटी लगा के. बारह में.”

“हाँ हाँ, देखते हैं,” साडू पंप मारता मारता म्हणाले. बँकेत ‘देखते हैं’ म्हणजे नाही. ढाणीत सौदा पक्का. बाबांनी लगेच साडूंचा नंबर घेतला आणि समोरच मिस कॉल मारून खात्री केली.

रामगढला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कधीकाळी जयपूरची तहान भागवणारं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे धरण. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती इथे झाल्या होत्या. नंतर पाणी हळूहळू रुसलं आणि तळं अनेक वर्षं कोरडं पडलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ड्रोन उडवून इथे कृत्रिम पाऊस पाडायचा प्रयोग झाला, तेव्हा बघायला इतकी गर्दी लोटली की पहिल्या दिवशी ड्रोनला धड उडताच आलं नाही. पाऊस बघायला पावसाच्या आधी हजर राहणारे आपण लोक!

आम्ही तळ्याच्या पोटातून सायकली घातल्या. मोबाईलच्या नकाशावर आमचा ठिपका निळ्या रंगात, भर पाण्यात पुढे सरकत होता. माती टणक होती आणि संबंध दिवसातला तेवढाच टप्पा मला आवडला, कारण नौकानयनाला निवडलेली जागा सपाट असते. एका गुराख्यानं विचारलं, “पानी देखने आए?” साडू म्हणाले, “नहीं, सायकल चलाने.” त्यानं रिकाम्या तळ्याकडे बघितलं, आमच्या चड्ड्यांकडे बघितलं आणि म्हशी जरा लांब नेल्या.

परतताना आग्रा रोड लागला. तो धरून घाट की गूणीनं गुमान घरी जाता आलं असतं. गाड्यांसाठी तिथे डोंगराखालून बोगदासुद्धा काढलाय. साडूंना ते कमीपणाचं वाटलं. त्यांच्या नकाशात गलत्याच्या डोंगरावरून ठिपक्याठिपक्यांची एक सुंदर वाट होती.

ठिपके म्हणजे पायऱ्या. हे गलत्याच्या कुंडापाशी पोचल्यावर कळलं. एक लाख ऐंशी हजारांची सायकल खांद्यावर घेऊन साडू चढायला लागले आणि मागून मी, सांभाळून लावायचा ब्रेक खांद्यावर घेऊन. दोन्ही कडांवर माकडं बसली होती. त्यातल्या एका ढोल्यानं साडूंच्या पाठीच्या खिशातून एनर्जी बार काढला, कागद सोलला, एक घास घेतला, थोडा वेळ चावला आणि थुंकला. उरलेला बार त्यानं साडूंकडे परत भिरकावला. एक मावशी शेंगदाण्याच्या पुड्या विकत होत्या. “दस रुपये की ले लो भैया,” त्या म्हणाल्या, “ये विदेशी माल नहीं खाते.” आम्ही दोन पुड्या घेतल्या. एक माकडांना दिली. दुसरी आम्ही खाल्ली.

माथ्यावर सूर्यमंदिर आहे. तिथून सगळी चारदीवारी खाली मांडलेली दिसते. सूरजपोलपासून चांदपोलपर्यंत, पूर्वेकडून पश्चिमेकडे, आखून काढलेला एकच सरळ रस्ता. १७२७ साली विद्याधर भट्टाचार्यांच्या मदतीनं जयसिंहानं हे गाव वसवलं तेव्हा नऊ चौकड्या पाडल्या आणि मुख्य बाजारांचे रस्ते शंभर फुटांहून रुंद ठेवले. २०१९ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. “आता काही नाही,” साडू म्हणाले. “घाट संपला. तीन-साडेतीन किलोमीटर, सरळ, सपाट, डांबरी.”

घाटात आम्ही पडलो, वाळूत रुतलो, हत्तीला वाट दिली. पण पुढे सरकत होतो. चारदीवारीत संध्याकाळी पाच वाजता कुणी पुढे सरकत नाही. शंभर फुटांतले पंचवीस दुकानांच्या पायऱ्यांपुढच्या स्कूटर घेतात, पंचवीस हातगाड्या, उरलेल्यांत ई-रिक्षा चारही दिशांना तोंडं करून उभ्या, आणि रामगंज चौपडीत एक वळू, जो कुठेच जाणार नव्हता. त्या गर्दीत ग्रॅव्हल सायकलचं रुंद टायर, बावीस गिअर आणि उपग्रहाचं घड्याळ यांचा मिळून उपयोग शून्य होता. एक घंटी असती तर बरं झालं असतं. बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

वर गच्च्यांवर पतंग. हांडीपुऱ्याचा पतंगबाजार जवळच आणि संक्रांत तोंडावर. आकाशात जागा नव्हती. “वो काटा!” अशी आरोळी उठली आणि त्याच क्षणी साडूंची सायकल अडली. कापलेल्या पतंगाचा मांजा मागच्या चाकाच्या दात्यांमध्ये गेला होता. बावीसांचं एकच गिअर झालं, आणि तेही फिरेना. मी खिशातला चाकू काढला तर गल्लीतून एक दहा-बारा वर्षांचा पोरगा फिरकी घेऊन धावत आला. “अंकल, काटना मत! बढ़िया मांझा है!”

तो रस्त्यातच मांडी घालून बसला. एकेका दात्यामधून, जिभेचं टोक बाहेर काढून, त्यानं तो मांजा सोडवला आणि फिरकीवर गुंडाळत गेला. मागे ई-रिक्षांनी हॉर्न धरले. कुणी म्हणालं, चाक उलटं फिरव. कुणी म्हणालं, चेन काढ. कुणी विचारलं, कित्ते की है? साडूंचा आवाज आता थकला होता. “बारह हज़ार.” “नई?” “हाँ.” “महंगी दे दी.”

बडी चौपडीत हवामहालासमोर पर्यटकांची एक तुकडी ९५३ झरोक्यांकडे पाठ करून आमचे फोटो काढत उभी राहिली. त्रिपोलियाला आम्ही सायकलींवरून उतरलो आणि त्या हातात धरून चालायला लागलो. छोटी चौपडीत एका म्हातारबांनी चालत आम्हाला मागे टाकलं. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

साडू गरम पाण्याच्या बादलीत पाय टाकून बसले. मेहुणीनं मला फीणीची वाटी दिली. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो गेले: सूर्यमंदिर, तळं, घाम. मुळ्याची गाडी नव्हती. तेवढ्यात साडूंचा फोन वाजला आणि त्यांचे हात साबणाचे असल्यामुळे तो मेहुणीनं घेतला.

ती बराच वेळ ऐकत होती. “जी. जी बाबा. दो? हाँ जी. घंटी भी. हाँ जी, बता देती हूँ.” तिनं फोन ठेवला.

“अहो, रामगढकडून कुणी बाबा बोलत होते. त्यांच्या बारा हजारवाल्या दोन सायकली रविवारी न्यायला येतायत म्हणाले. पैसे रोख. अगदी तुमच्यासारखीच पाहिजे, शिवाय कॅरियर, स्टँड आणि घंटी.”

साडूंनी बादलीतल्या पाण्यात लक्ष घातलं.

“तुमची पस्तीसची ना?” मेहुणी म्हणाली. “आणि तिला तर घंटीसुद्धा नाही! तेवीस हजारांना गंडवलं मेल्यानं तुम्हाला. ते बिल काढून ठेवा आधी. उद्या मी येते तुमच्याबरोबर दुकानात. जिजाजी, तुम्हीपण चला. वसुली कशी करतात ते मी दाखवते यांना.”